गेटवरची झडती

“आ कर वं.”

गोविंदाने टॉर्च लावला. सत्यवतीने तोंड उघडलं, जीभ वर केली, एक गाल दाखवला, मग दुसरा. फिटची गोळी पोटात गेली होती. टॉर्च हिंगण्याच्या कारखान्यातला. तिथे गोविंदा गेटवर होता. शिफ्ट सुटली की तो कामगारांचे खिसे चाचपायचा, डबे उघडायला लावायचा. त्याची झडती घेणारं मात्र कोणी नव्हतं.

वर्षभर गोळ्या चालू होत्या आणि झटके थांबत नव्हते. परवा ती भाजी चिरता चिरता पडली. म्हणजे बायको मागून गोळ्या थुंकते, अशी त्याची खात्रीच झाली. रक्त तपासायचा हट्टही त्याचाच.

“आज रिपोर्ट आहे. खोटी निघाली, तर जरीपटक्याले तुह्या भावाकडं नेऊन सोडतो.”

“सोडा. तो तोंडात टॉर्च तर नाही मारत.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. “रक्तात औषध हवं तेवढं आहे. या गोळ्या नीट घेतात.”

“मग झटके काहून येऊन राहिले?”

“रक्तातून मेंदूत शिरायच्या वाटेवर ज्या पेशी असतात ना, त्यांच्या दारात काही प्रथिनं बसलेली असतात. नको ते आलं की बाहेर ढकलायचं, हे त्यांचं काम. काहींच्यात ती फार वाढतात आणि औषधालाही हाकलतात. यांचं तसंच असावं. आपण दुसरे उपाय बघू.”

“आपलं कोण, परकं कोण, समजत नाही त्याइले?”

“नाही. पण काम इमानदारीने करतात.” मग त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “चेहरा लाल दिसतोय. बीपी आहे?”

“आहे न. गोळी घेतो रोज.”

सत्यवती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी तिने रात्रीची गोळी गिळली आणि सवयीने तोंड उघडलं.

“राहू दे,” गोविंदा खाली बघत म्हणाला. “चुकलं माह्यं.”

तिने त्याच्या हातातून टॉर्च काढून घेतला. दुसरा हात सरळ त्याच्या वर्दीच्या खिशात घातला. आतून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. एकही गोळी काढलेली नव्हती.

“तुले कसं माहीत?”

“तुमचे शर्ट कोण धुते?” तिने एक गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली, पाण्याचा गिलास दिला आणि टॉर्च लावला.

“आता तुम्ही आ करा जी.”