म्हातारीची सीट

डाग अजून दिसतच होता.

तिनं मान तिरकी करून पाहिलं, मग एक डोळा मिटून पाहिलं. गॅरेजच्या शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ड्रायव्हरची सीट एकसारखी तपकिरी वाटायची. जरा बाजूला सरकलं की मधोमध तळहाताएवढा भाग वेगळा उठून यायचा, ठिगळासारखा.

"सावलीत कुणाला कळणार नाही, ताई," रंग देऊन गेलेला सीटवाला म्हणाला होता. "उन्हात मात्र जाणकार माणूस ओळखेल."

"आणि जाणकार माणूस घरातलाच असला तर?"

"मग शटर पाडून ठेवा," म्हणून तो हसत निघून गेला होता.

घरातला जाणकार आज दुपारी परत यायचा होता.

गाडी सासऱ्यांनी घेतलेली. नवरा तिला म्हातारी म्हणायचा, नणंद म्हणायची, "वहिनी, ही तुझी सवत." इंजिन रुसलं तरी तो मनावर घ्यायचा नाही. पण आतलं कातडं मूळचं, सासऱ्यांच्या वेळचं, आणि त्यात त्याचा जीव. दर रविवारी तो मऊ ब्रशनं सीट झाडायचा, ओलसर फडक्यानं पुसायचा, वाळू द्यायचा आणि मग बोटांनी तेल जिरवायचा. शिवणींमध्ये तर बाळाच्या कानात औषध घालावं तसं. डॅशबोर्डला तडे जाऊ नयेत म्हणून पुढच्या काचेला आतून पडदा.

"एवढी मालिश माझ्या गुडघ्यांना केली असतीत तर मी पळाले असते," ती म्हणायची.

"कुणाबरोबर?" तो विचारायचा.

त्याचा एक डोळा कधीच गेला होता. दुसऱ्याचं ऑपरेशन परगावी ठरलं आणि नेमकी तिला सर्दी झाली. शिंकणारं माणूस ताज्या ऑपरेशनजवळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून नणंद त्याच्याबरोबर गेली.

निघताना तो म्हणाला, "पट्टी निघाली की आधी तुला बघीन, मग म्हातारीला."

"क्रम खरा सांगा."

"बरं बाई. पण तिचं कातडं कोरडं पडू देऊ नकोस."

तिथंच घोळ झाला. तो तेल, रंगाचा थिनर, सगळं औषधाच्या जुन्या तपकिरी बाटल्यांत भरून ठेवायचा. वर नाव नाही, खूण नाही. "वासावरून कळतं की," म्हणायचा. तिचं नाक चोंदलेलं. तेल समजून तिनं फडक्यावर थिनर ओतला आणि चोळायला लागली. फडकं तपकिरी झालं. किती मळ साचलाय बाई, असं म्हणत तिनं आणखी जोर लावला.

फोनवर सांगून टाकावं असं कितीदा मनात आलं. पण त्याला वाकायला बंदी, शिंकायला बंदी. संतापायला तर असणारच. काल त्याचाच फोन आला. "झकास झालं. काही काळजी करू नकोस."

मग नणंदेनं फोन घेतला. "बाकी आल्यावर बोलू, वहिनी." आवाज बसलेला होता. प्रवासाची दगदग, दुसरं काय.

तिनं डागावर तेलाचा शेवटचा हात फिरवला. मुरेपर्यंत धूळ बसू नये म्हणून सीटवर पिवळ्या फुलांची जुनी चादर पसरली आणि कडेनं नीट खोचली. तो चहाला बसला की काढू. वास जावा म्हणून खिडकीच्या काचा खाली केल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. तेवढ्यात फाटकापाशी टॅक्सीचा हॉर्न वाजला.

तो उतरला. काळा चष्मा, नणंदेच्या खांद्यावर हात.

"ये इकडे," तो म्हणाला. "आधी तू, कबूल केलंय." तिचा चेहरा त्यानं दोन्ही तळहातांत धरला. लग्न झाल्यापासून भर अंगणात असं कधी केलं नव्हतं. "बारीक झालीस."

"सर्दीनं," ती लाजून म्हणाली.

"मी चहा टाकते," म्हणत नणंद मान खाली घालून आत गेली. एकही टोमणा नाही.

"चल, म्हातारीकडे."

"आधी चहा घ्या ना."

"चहा पळून जात नाही. शटर वर कर. पूर्ण."

"अहो, ऊन आहे. डोळ्याला त्रास होईल."

"मग हा चष्मा काय शोभेला दिलाय?"

तिनं शटर वर सारलं. ऊन उघड्या खिडकीतून थेट पुढच्या सीटांपर्यंत गेलं. तो नेहमीसारखाच म्हातारीच्या अंगावरून हात फिरवत निघाला. दिवा, बॉनेट, आरसा. खिडकीशी थांबला आणि जपून थोडासा वाकला. आत बघायचा तिला धीर होईना. ती नुसती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

त्यानं नाक ओढलं. "रंगाचा वास येतोय."

"तेल... जरा जास्त झालं असेल."

"असेल."

तिला राहवलं नाही. "अहो, मला एक सांगायचं होतं..."

"थांब गं, डोळे भरून बघू तर दे."

तिनं पदराचा पिळा केला. त्याचा चेहरा हळूहळू सैल पडला. तो चक्क हसला.

"वा! ड्रायव्हरची सीट बघ. कातड्यावरून ऊन कसं घसरतंय. माझ्यापेक्षा तुझा हात चांगला निघाला."

"खरंच? कुठं काही... डाग वगैरे?"

"छे! अगदी होती तशी आहे. डाग असता तर मला दिसला नसता का?"

वाचले, ती मनात म्हणाली. पदरानं डोळे टिपले, त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि शटर उघडल्यापासून पहिल्यांदाच तिनं खिडकीतून आत पाहिलं.

भर उन्हात, ड्रायव्हरच्या सीटवर, पिवळ्या फुलांची चादर तिनं खोचली होती तशीच होती.