मेंढरांची वाट

ज्ञानेशनं खालच्या लिंबापासून वरच्या खडकापर्यंत दोरी ताणली आणि तिच्या कडेनं पांढरी फक्की मारली. रेघ अगदी सरळ गेली. जुनी पायवाट मात्र मध्येच उजवीकडे वळायची आणि भलामोठा वळसा घालून पुन्हा त्याच खडकापाशी यायची. तो वळसा आज मोडायचा होता. कुदळी, फावडी, घमेली घेऊन पंधरा-वीस जण तयार उभे होते. आणि नेमका रेघेवर म्हातारा तात्याबा मांडी घालून बसला होता.

"आबा, जरा सरकता का बाजूला?"

तात्याबा सरकला नाही.

त्याची बायको गिताबाई चहाची किटली घेऊन थोडी खाली उभी होती. केंदूरच्या या टेकडीवर दर रविवारी श्रमदान चालायचं. सणसवाडीच्या कंपन्यांत आठवडाभर राबलेली गावातली पोरं सुट्टीच्या दिवशी वाट साफ करायची, आणि घराघरांतून पाळीपाळीनं चहा यायचा. आज पाळी गिताबाईची होती. नवरा चारचौघांत असा आडवा आलेला पाहून तिला लाज वाटायला हवी होती. पण तिला काहीच वाटलं नाही. नवऱ्याचं काही वाटणं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

कधीपासून, ते तिला नेमकं सांगता आलं असतं. बेचाळीस वर्षांपूर्वी मेंढरं चारून गावाकडे परतताना टेकडीच्या पायथ्याला तळ पडला होता. त्या तळावर पहाटे तिची पहिली मुलगी गेली. ठकू, तीन महिन्यांची. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. तात्याबानं तिला घोंगडीत गुंडाळलं, फावडं घेतलं आणि एकटाच टेकडी चढून गेला. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आणि आईनं तिथं जायचं नसतं. तासाभरानं तो परत आला, हात धुतले आणि म्हणाला, "चला, मेंढरं उठवा." डोळ्यांत टिपूस नव्हता.

"कुठं ठिवली वो तिला?" गिताबाईनं त्याच दिवशी विचारलं.

"डोंगरात," तो म्हणाला.

पुढच्या वर्षीही तिनं विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. तिसऱ्या वर्षी तो म्हणाला, "बाईमानसानं इचारू न्हाई." मग तिनं विचारणं सोडलं. पुढे दोन मुलगे झाले, त्यांची लग्नं झाली. बारा वर्षांपूर्वी मेंढरं विकली आणि वावरात कांदा लावला. तिनं सगळं यथासांग केलं, फक्त ती कशातच नव्हती. नवऱ्याला ताट वाढताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. लोक म्हणत, गिताबाई मोठी शांत आहे. शांत कसली, आतलं सगळं बधिर झालं होतं. मेलेलं लेकरू टाकून मेंढरांमागे निघून गेलेला माणूस, एवढीच तिची त्याच्याशी ओळख उरली होती.

"मावशी, तुमी तरी सांगा की आबांना," ज्ञानेश म्हणाला. "सव्वीस जानेवारीला टेकडी दौड ठिवलीय. शिक्रापूर, सणसवाडीची पोरं येत्यात. या वळशानं उगं पन्नास-साठ पावलं वाढत्यात."

"माझं कवा ऐकलंय त्यांनी?" गिताबाई म्हणाली आणि पेले मांडू लागली. त्या वळशाचं तिलाही काही कौतुक नव्हतं. डोक्यावर बोचकं आणि हातात घोड्याचा लगाम धरून तिनं तो तीस वर्षं घातला होता, आणि दर खेपेला मनातल्या मनात शिव्या हासडल्या होत्या.

ज्ञानेश तात्याबापुढं उकिडवा बसला. पोरगा वाईट नव्हता, पण त्याला ऊन तापायच्या आत काम उरकायचं होतं.

"आबा, ही काय कुना इंजिनिअरनं आखलेली वाट न्हाई. मेंढरांनी पाडलेली हाय. मेंढराला काय कळतंय? एक वळलं की बाकीची त्याच्या मागं."

"मेंढरं न्हाई वळायची," तात्याबा जमिनीकडे बघत म्हणाला. "मेंढरं सरळच जायची."

"मग वळसा पडला कसा?"

कुणीतरी कंटाळून फावडं खाली टेकवलं.

"मी वळवायचो," तो म्हणाला. "जाताना आन् येताना. मेंढरं इकेपत्तूर, तीस वर्सं. पाय पडू ने म्हनून."

"कशावर?"

तात्याबानं मान वर केली आणि गिताबाईकडे पाहिलं.

गिताबाईही बघत राहिली. वळशाच्या आत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. तरवडाचं एक झुडूप, वाळलेलं गवत, दोन सपाट दगड. इथूनच, अगदी हाताच्या अंतरावरून, ती तीस वर्षं ये-जा करत होती. आणि दर खेपेला पुढे चाललेला हा माणूस हातात काठी घेऊन, एक शब्द न बोलता, दोनशे मेंढरं त्या एवढ्याशा जागेभोवतून फिरवून नेत होता. तिला त्याचा भयंकर राग आला. मग तो राग कुठं गेला ते तिला कळलं नाही.

तिनं किटली खाली ठेवली. पायांतल्या चपला काढल्या. वाट सोडून ती गवतात शिरली, नवऱ्याच्या शेजारी बसली आणि जमिनीवर तळवा टेकून तिनं हळूच विचारलं,

"डोकं कुनीकडं हाय तिचं?"