कुणालाही सुचलं असतं

विहिरीतली मोटार वायरीला धरूनच वर ओढायची, ही करमाडकडची जुनी खोड. ओढून ओढून वायर सोलून निघायची अन् पाण्यात करंट उतरायचा. मुकुंदवाडीत जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग भरणाऱ्या चांदपाशानं मग ओझं पेलणारी दोरी वायरीच्या आतच घातली आणि पेटंट मागितलं.

अर्ज फेटाळला गेला. अपिलाच्या सुनावणीत साहेबांनी कागदावरून मान न उचलता ऐकवलं, "यात विशेष काय? या धंद्यातल्या कुठल्याही कारागिराला सहज सुचलं असतं."

चांदपाशाच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. "मीच तो कारागीर, साहेब. तीस वर्षं हेच करतोय."

 

"एवढं सहज होतं, तर करंटनं गेलेल्या माझ्या भावाला मूठमाती द्यायच्या आधी का नाय सुचलं मला?"