अस्तर

करमाडजवळच्या धावपट्टीवर उतरताना शिकाऊ विमान थांबलंच नाही, बांधावर आदळलं. चालवणाऱ्या तनुजाचा हात मोडला. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “वारा पाठीमागून होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी बघितली नाहीस?” “बघितली, सर. खांबावर लोंबत होती. वाटलं, वाराच नाही.” साहेबांनी तिच्या नावापुढं ‘निष्काळजी’ लिहिलं. म्हणजे तिचं उडणं बंद. पिशवी शिवणारे शहागंजचे फारूखचाचा पुढं आले. “पोरगी खरं बोलती, साहेब. पिशवी सारखी फाटायची, म्हणून मी आतून जाड अस्तर लावलं. तेवढ्या वजनानं फुगंना झाली असंल.” “चाचा, हे लिहिलं तर दोष तुमच्यावर येईल.” “बघून तर घ्या.” चाळीस वर्षांत त्यांचा टाका कुणी उसवला नव्हता. चाचांनी पिशवी उतरवली, स्वतःच अस्तर उसवलं. पुन्हा चढवताच पिशवी वाऱ्यानं आडवी झाली. साहेबांनी तनुजाच्या नावापुढचं ‘निष्काळजी’ खोडलं आणि लिहून घ्यायला चाचांना पूर्ण नाव विचारलं.