सहाव्या मजल्यावरचे आजोबा

दुसरा मजला ओलांडल्यावर ती पायरीवरच बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. खालून पावलं वाजली, तशी ती कठडा धरून उठायला लागली.

"बस, बस. मलाही बसायचंय," वर येणारे म्हातारे गृहस्थ म्हणाले. हातात कापडी पिशवी, पायात घरातल्या सपाता. खाली बसताना त्यांचे दोन्ही गुडघे कडकडले. "हे दोघे माझं ऐकत नाहीत. लिफ्ट बंद पडल्यापासून तर संपावरच आहेत. कितव्या मजल्यावर जायचंय?"

"पाचव्या. आजच राहायला आले. तुम्ही?"

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. "तुझ्या एक मजला वर. पोरी, एक काम करशील? रोज वर जाताना मला सोबत देत जा. एकटा चढलो तर एखाद्या दिवशी मधेच राहीन. फक्त दर मजल्याला थांबावं लागेल, बरं का."

गेल्या आठ महिन्यांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं. ती लगेच हो म्हणाली.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून ती दादा-वहिनीकडे होती. तिथे पाण्याचा पेलाही तिला हातात मिळायचा. ती खोलीत शिरली की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. मग तिने दातांच्या कवळ्या घडवण्याचं आपलं जुनं काम पुन्हा धरलं आणि फोटो पाहून हे घर भाड्याने घेतलं. जाहिरातीत लिफ्ट होती. ती राहायला येण्याच्या चार दिवस आधी लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला महिना लागणार होता.

"महिनाभर बघतो," दादाने बजावलं होतं. "जिना झेपला तर राहा. नाहीतर गुपचूप सामान उचलायचं आणि घरी यायचं."

डॉक्टरांची हरकत नव्हती. अट एकच होती, दर मजल्याला बसून दम खायचा. पण जिन्यात बसलेल्या बाईला येणारा-जाणारा विचारतोच, काय झालं? मग सांगावं लागतं. मग ती याही इमारतीत 'बिचारी' झाली असती. म्हणून पहिल्या दिवशी ती दोन मजले न थांबता चढली होती.

आता तो प्रश्न उरला नाही. संध्याकाळी साडेसहाला आजोबा खालच्या दाराशी उभे असत. पिशवीत फक्त एक वर्तमानपत्र असे, तरी ती त्यांच्याकडून पिशवी आपल्या हातात घेई. दर मजल्याला आजोबांचे गुडघे बोलत आणि दोघं बसत. सदतीस वर्षं त्यांनी टपाल वाटलं होतं. कोणत्या घरातला कुत्रा पत्र वाचून मगच भुंकायचा, हे ते शपथेवर सांगत. तिला घाई असली तरी ती थांबे. म्हाताऱ्या माणसाला टाकून कसं जायचं?

"काय आजोबा, आज पण वर?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कपडे झटकताना विचारत.

"सवय करतोय. आज ना उद्या वर जायचंच आहे."

एकदा ती म्हणाली, "आजोबा, तुमची खालची कवळी सैल झाली आहे. बोलताना टकटकते."

"मग काय, बोलणं बंद करू?"

"कवळी द्या इकडे."

दोन दिवसांत तिने ती नीट बसती केली. "वर आणून देते," म्हणाली, तर आजोबांनी साफ नकार दिला. "छे! तू नको चढूस. मी येईन घ्यायला."

पाचव्या मजल्यावर ती कुलूप काढेपर्यंत ते उभे राहत. "तू लाव दार. मी जातो सावकाश." वहिनीला तिने फोनवर सांगितलं, "वरचे आजोबा इतके शांत आहेत, डोक्यावर पावलाचासुद्धा आवाज नाही."

महिना संपला त्या रविवारी दादा आला. तिला चढायला किती वेळ लागतो ते पाहायला त्याने घड्याळ लावलं. आजोबा सोबत होतेच. पहिल्या मजल्याला दोघं बसली, दादा उभा राहिला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्या मजल्यावर मात्र दादाने भिंतीला पाठ टेकली आणि तो घसरत खाली बसला.

"बस, बस," आजोबा म्हणाले. "पहिल्या महिन्यात होतं असं."

पाचव्या मजल्यावर दादाने तिचे ओठ पाहिले, नखं पाहिली. कुठेही निळी झाक नव्हती. तो धापा टाकत होता, ती कुलूप काढत होती.

"राहा बाई," तो म्हणाला. "पण त्या आजोबांना एकटं चढू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. संध्याकाळी आजोबा नेहमीच्या जागी होते, पण हातात पिशवी नव्हती.

"चला आजोबा, आज तुमच्या गुडघ्यांना सुट्टी." तिने त्यांचा दंड धरून त्यांना आत घेतलं. "आधी तुम्हाला सोडते, मग मी खाली येते."

तिचं बोट सहाचं बटण शोधत वर सरकलं. पाचाच्या वर नुसता पत्रा होता.

ती वळली. लिफ्टच्या समोरचं तळमजल्यावरचं दार उघडं होतं. आत खुंटीला ती कापडी पिशवी लटकत होती. तिने पिशवीकडे पाहिलं, मग आजोबांच्या पायांतल्या सपातांकडे.

"म्हणजे," ती म्हणाली, "गुडघ्यांचंही खोटंच?"

"नाही गं, ते खरंच आहे," आजोबा म्हणाले. कवळी जरासुद्धा वाजली नाही. "त्यांच्यामुळेच तर मी तळमजल्यावर घर घेतलं."