पेलवेना ते नाव

माझ्या कादंबरीचा नायक सात स्वर्ग चढून जाणार होता, म्हणून मी त्याला साजेसं भारदस्त नाव दिलं: सूर्यकुसुमो जगतनिंग्रात.

तेव्हापासून मी ते नाव लिहिलं की टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्यात कुणीतरी खोकायचं. तिसऱ्या स्वर्गापाशी तर त्याला धापच लागली.

"नाव जड झालंय त्याला," बायको, सुमार्नी, चहा ठेवत म्हणाली. "आपला धाकटा नाही का, नाव बदलेपर्यंत तापानं फणफणत होता?"

"धाकटा हाडामांसाचा आहे. हा शाईचा."

"मग खोकतंय कोण?"

मी नायकाचं पुन्हा बारसं केलं आणि नाव ठेवलं पोनिमिन. आमच्या जावा बेटावर दर गल्लीत एक सापडेल असं, हलकंफुलकं. सुमार्नीनं रिवाजाप्रमाणे लाल-पांढरी खीर शिजवली आणि वाटी गठ्ठ्याशेजारी ठेवली. मी जुनं नाव खोडून वर बघतो तर वाटी चाटूनपुसून लख्ख. खोकला बंद. दुपारपर्यंत पोनिमिन शीळ घालत सातव्या स्वर्गात पोचलासुद्धा.

"अहो, आणि त्या जुन्या नावाचं काय केलंत?" सुमार्नीनं विचारलं.

"एवढं भारी नाव वाया कोण घालवतो? पाताळातल्या राक्षसाला दिलं. चांगला धिप्पाड आहे, पेलेल त्याला."

गठ्ठा टेबलावर सावकाश फुगला आणि सावकाश खाली बसला.

"माझी खीर कुठंय?" आतून घोगरा आवाज आला.