शर्यत : पांढरकवडा ते झरी जामणी

पांढरकवड्याच्या चौकात सवाऱ्यांवरून रोज एकमेकांची आईबहीण काढणाऱ्या बबनराव आणि लटारी या काळीपिवळी जीपवाल्यांनी रविवारी मात्र एकाच मोबाइलला डोकी लावून पिक्चर पाहिला, दोन हाडवैरी रेस ड्रायव्हरांचा. सोमवारी सकाळी तो दोघांच्याही अंगात संचारला. "झरीले जो आधी पोचन, तो खरा डायवर!" बबनराव भर चौकात गरजला, आणि नऊच्या ठोक्याला दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहून गुरगुरू लागल्या.

चौदा सवाऱ्या झाल्याशिवाय काळीपिवळी हलत नाही. बबनरावाच्या गाडीत दहा होत्या, लटारीच्याही दहाच. मग बबनराव एक्सलेटर दाबून गाडी हातभर पुढे घ्यायचा नि हातभर मागे. लटारीही तसंच करायचा. धुरानं लोक खोकत होते.

साडेदहाला मागून अंगणवाडीच्या विमलताई ओरडल्या, "अवो बबनराव, मले दहाले पोचायचं होतं! कायले थांबून राह्यले तुमी?"

"हे काय ताई, निंगूनच राह्यलो!" बबनरावानं पुन्हा एक्सलेटर दाबला.

अकरा वाजता लटारीचा धीर सुटला. आहे त्या दहा सवाऱ्या घेऊन, धुरळा उडवत तो झरीच्या रस्त्याला लागला.

"गेला ना तो! आता तरी पळवा!" विमलताई किंचाळल्या.



बबनरावानं शांतपणे इंजिन बंद केलं आणि मिशीवर ताव देत तो खाली उतरला. "कायले पळवू, ताई? जिंकलो ना आपण! आता चौकातल्या साऱ्या सवाऱ्या आपल्याच."